परदेशी भांडवलाचे करारनामे व उसाचा खातेदार

अलीकडे परराष्ट्रांशीं होणाऱ्या व्यापारी करारांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात. अमुक देशाशीं करार झाला, इतक्या अब्ज डॉलरांचें भांडवल येणार, इतक्या लक्ष लोकांस रोजगार मिळणार, असा मजकूर ठळक अक्षरांत असतो. करारनाम्यांत प्रत्यक्ष कलमें काय आहेत, हें मात्र त्या पानावर शोधूनहि सांपडत नाहीं. आमचा शेतकरी वर्ग हा मजकूर वाचतो, दूध, सोयाबीन किंवा कापूस यांचें नांव त्यांत आहे कीं काय एवढें पाहतो, आणि नांव नसलें कीं निश्चिंतपणें पान उलटतो. आमच्या मतें ही निश्चिंती अस्थानीं आहे. आपल्या पिकाचें नांव करारांत नसतांहि त्या करारानें पिकाचा भाव फिरूं शकतो. उलट नांव स्पष्ट लिहिलेलें असून वेळ पडतां त्याचा कांहींएक उपयोग होत नाहीं, असेंहि घडतें. हे दोन्ही प्रकार एकाच देशांत व एकाच पिकाच्या बाबतींत घडलेले आहेत. तो देश मेक्सिको आणि तें पीक ऊस. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण ऊसवाले असल्यामुळें ही हकीकत जरा विस्तारानें सांगावी असें आम्हांस वाटतें.

मेक्सिकोंत दीड लाखाहून अधिक शेतकरी ऊस पिकवितात. त्यांतील बहुतेक लहान खातेदार असून पुष्कळांची जमीन १९१७ च्या राज्यघटनेनंतर झालेल्या जमीनवाटपांतून आलेली आहे. आखाताच्या किनाऱ्यावरील वेराक्रूझ प्रांत हें तेथील उसाचें मुख्य आगर. ऊस कारखान्यास घालावयाचा, कारखान्यानें गाळप करून साखर विकावयाची, आणि साखरेच्या किंमतीवरून उसाचा दर निघावयाचा, ही रचना आपणांस नवी नाहीं. तेथें तर एका टन उसांतून निघणाऱ्या प्रमाणित साखरेच्या आधारभूत किंमतीपैकीं ५७ टक्के रक्कम उसाची, असें प्रमाणच ठरलेलें असून २००५ च्या कायद्यांत तें नमूद आहे. अर्थात् साखरेचा भाव पडला कीं त्याच हिशेबानें ऊसहि पडतो.

१ जानेवारी १९९४ रोजीं अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांचा व्यापारी करार अमलांत आला. त्यास संक्षेपानें नाफ्ता म्हणत. या करारांत साखरेचें प्रकरण स्वतंत्र होतें. मूळ मसुद्याचा आशय असा कीं, पहिलीं कांहीं वर्षें मेक्सिकोची थोडीच साखर जकातीवांचून अमेरिकेंत घेतली जाईल. पुढें मात्र मेक्सिको सलग दोन वर्षें आपल्या खपाहून अधिक साखर पिकवील, तर त्याची सर्व शिलकी साखर तेथें जाऊं शकेल. अमेरिकेंत साखरेचा भाव सरकारी धोरणानें जागतिक बाजाराच्या वर राखलेला असतो. तेव्हां मेक्सिकोच्या ऊसवाल्यांस हें कलम मोठें मोलाचें वाटलें, यांत नवल नाहीं.

परंतु अमेरिकेच्या विधिमंडळापुढें करार मंजुरीस यावयाचा होता आणि तेथील साखरवाल्यांचें वजन मोठें. त्यांच्या समाधानासाठीं नोव्हेंबर १९९३ मध्यें एक जोडपत्र निघालें. त्यांत, अमेरिकेच्या म्हणण्याप्रमाणें, शिलकीचा हिशेबच बदलला होता. देशाचा खप मोजतांना साखरेबरोबर मक्याच्या गोड पाकाचा खपहि मिळवावा, सलग दोन वर्षांची सवलत रद्द समजावी आणि कांहीं झालें तरी वर्षास २ लक्ष ५० हजार टनांहून अधिक साखर घेऊं नये, असा त्याचा अर्थ. मेक्सिकोनें पुढें या पत्राचा पाठ व त्याचें बंधन दोन्ही अमान्य केलीं. एकाच पत्राच्या मजकुराविषयीं दोन सरकारांचें एकमत होऊं नये, हें ऐकून कोणासहि आश्चर्य वाटेल. आम्हांस तितकेंसें वाटलें नाहीं. आमची नोकरी महसुली दप्तरांत गेली. मूळ दस्त स्वच्छ, आणि खरा व्यवहार पाठीमागें टांचलेल्या चिठ्ठींत, असे कागद आम्हीं थोडेथोडके पाहिलेले नाहींत.

मक्याचा गोड पाक हें काय प्रकरण आहे, तें येथें सांगितलें पाहिजे. मक्यांतील पिष्ट वेगळें काढून त्यावर विकरांची क्रिया केली असतां साखरेसारखा गोड द्रव तयार होतो. तिकडे त्यास फ्रुक्टोज सिरप म्हणतात. बाटलीबंद शीतपेयांत तो साखरेच्या जागीं चालतो व अमेरिकेंत साखरेहून स्वस्त पडतो. मेक्सिकोचे लोक शीतपेयें पिण्यांत जगांत अग्रभागीं आहेत आणि तीं पेयें पूर्वीं उसाच्या साखरेनें गोड होत. करार झाल्यावर अमेरिकन भांडवल या धंद्यांत शिरलें. आर्चर डॅनियल्स मिडलंड व टेट अँड लाइल या कंपन्यांचा भागीदारींतील कारखाना ग्वादलाहारा शहरीं पाक काढूं लागला; कॉर्न प्रॉडक्ट्स कंपनीनेंहि मेक्सिकोंत कारखाने चालविले; कारगिल कंपनी अमेरिकेंत तयार झालेला पाक आणून मेक्सिकोंत विकूं लागली. या पाकाचा कच्चा माल बहुशः अमेरिकेंतील पिवळा मका. मक्याचें मूळ घर मेक्सिको, आणि मेक्सिकोच्या उसास मारणारा मका मात्र बाहेरचा, असा हा योग जुळून आला.

आतां वरील जोडपत्राचा हिशेब पुन्हां पहावा. शीतपेयवाल्यांनीं पाक घेतला म्हणजे तितकी साखर कारखान्याच्या गोदामांत पडून राहणार. ती साखर अमेरिकेस पाठवावी म्हटलें, तर पाकाचा खपहि देशाच्या खपांत धरलेला असल्यामुळें हिशेबांत शिल्लक निघत नाहीं! एकीकडून घरचा बाजार जातो आणि त्याच कारणानें परका बाजारहि मिळत नाहीं. करारांत उसाविरुद्ध एक अक्षर लिहिलेलें नाहीं. मक्याच्या पाकाचें नांव मात्र नेमक्या जागीं आहे.

मेक्सिकोचें सरकार स्वस्थ बसलें होतें असें नाहीं. १९९८ मध्यें त्यानें या पाकावर, तो अयोग्य स्वस्त दरानें देशांत ओतला जातो म्हणून, जादा जकात बसविली. जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनीं २००० सालीं ती जकात नियमबाह्य ठरविली. नाफ्ताच्या पंचांनींहि तसाच निकाल दिला. इकडे साखर कारखाने कर्जांत बुडाले, उसाचीं बिलें तटलीं, आणि सप्टेंबर २००१ मध्यें सरकारनें २७ कारखाने ताब्यांत घेतले. पुढें १ जानेवारी २००२ पासून तेथील विधिमंडळानें उसाच्या साखरेखेरीज अन्य गोडी वापरणाऱ्या शीतपेयांवर २० टक्के कर बसविला. शीतपेयवाले तत्काळ साखरेकडे वळले व पाकाचा खप जवळजवळ बंद पडला. अमेरिकेनें याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे धांव घेतली. २००५ मध्यें व अपिलांत मार्च २००६ मध्यें निकाल मेक्सिकोच्या विरुद्ध लागला, आणि २००७ च्या आरंभीं तो कर उठला.

येथवर दोन सरकारांचें भांडण झालें, तें व्हावयाचेंच. आमच्या मुद्द्याची गोष्ट यापुढें आहे. वरील कर अमलांत असतांना पाकाच्या कंपन्यांनीं नाफ्ताच्या अकराव्या प्रकरणाखालीं मेक्सिको सरकारवर स्वतःच्या नांवानें दावे लाविले. या प्रकरणाप्रमाणें परदेशी भांडवलवाल्यास यजमान देशाच्या न्यायालयांत न जातां थेट तीन पंचांच्या लवादापुढें जाऊन सरकारकडून नुकसानभरपाई मागतां येत असे. लवादांनीं आर्चर डॅनियल्स व टेट अँड लाइल यांस २००७ सालीं ३ कोटी ३५ लक्ष डॉलर, कॉर्न प्रॉडक्ट्स कंपनीस २००९ सालीं ५ कोटी ८४ लक्ष डॉलर व कारगिल कंपनीस त्याच सालीं ७ कोटी ७३ लक्ष डॉलर देवविले. व्याज वेगळें. तीनहि रकमा मिळून सुमारें १७ कोटी डॉलर झाले, आणि ते मेक्सिकोच्या खजिन्यांतून म्हणजे मेक्सिकोच्या रयतेच्या करांतून जावयाचे.

मेक्सिकोचा बचाव काय होता, तें लक्षपूर्वक वाचण्यासारखें आहे. सरकारचें म्हणणें असें कीं, अमेरिकेनें साखरेचें कलम पाळलें नाहीं म्हणून आम्हीं प्रत्युपाय म्हणून हा कर बसविला. साखरेच्या कलमाचा वाद सोडविण्यासाठीं मेक्सिकोनें ऑगस्ट २००० मध्यें रीतसर पंचांची मागणी केली होती. परंतु सरकारां-सरकारांतील वादासाठीं करारांत जी वाट होती, तींत दोन्ही पक्षांनीं पंच नेमल्याशिवाय पंचायत बसत नसे. आणि अमेरिकेनें पंच नेमलेच नाहींत. ती पंचायत अखेरपर्यंत बसली नाहीं. ऊसवाल्यांचें कलम खरें कीं जोडपत्र खरें, याचा निकाल कोणत्याहि पंचापुढें झाला नाहीं. उलट कंपन्यांच्या दाव्यांत लवाद वेळेवर बसले, आणि कॉर्न प्रॉडक्ट्स व कारगिल यांच्या प्रकरणीं त्यांनीं असें ठरविलें कीं, अमेरिकेनें करार मोडला असेल किंवा नसेल, कंपनीचा हक्क हा तिचा स्वतःचा आहे. तिच्या सरकारच्या वर्तनाचा प्रत्युपाय तिच्यावर लादतां येत नाहीं.

कायद्याच्या दृष्टीनें हें म्हणणें बरोबर असेलहि. त्याविषयीं वाद घालण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु दस्त वाचणाऱ्याच्या दृष्टीनें पाहतां एकाच करारनाम्यांत दोन प्रतींचे हक्क लिहिलेले होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. परक्या भांडवलाचा हक्क असा कीं, तो मोडल्यास हक्कदार स्वतः दार ठोठावूं शकतो व रक्कम पदरांत पाडून घेऊं शकतो. ऊस पिकविणाऱ्याचा लाभ असा कीं, तो मोडल्यास सरकारनें मागणी करावयाची, आणि समोरच्याच्या मनांत असेल तर पंचायत बसावयाची. सातबाराच्या उताऱ्यावर मुख्य खातेदाराचें नांव ठळक असतें, पण जमिनीचा खरा कस ‘इतर हक्क’ या रकान्यावरून कळतो, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं जमीन विकत घेतली आहे त्यांस सांगावयास नको. नाफ्तांत ‘इतर हक्क’ या रकान्यांत भांडवलवाल्याचा बोजा चढविलेला होता; उसाच्या कुणब्याचें नांव नुसतें वहिवाटदार म्हणूनहि नव्हतें.

कांहीं वाचक म्हणतील, पुढें तर साखर मोकळी झाली ना? झाली. १ जानेवारी २००८ पासून साखर व पाक दोन्ही जिन्नस जकातीवांचून दोन्ही बाजूंस जाऊं-येऊं लागले. मेक्सिकोच्या ऊसवाल्यांनीं ही संधि सोडली नाहीं. हवामान अनुकूल लाभलें, लागवड वाढली, आणि २०१२-१३ च्या हंगामांत मेक्सिकोची अमेरिकेस जाणारी साखर २० लक्ष टनांच्या घरांत गेली. वीस वर्षें ज्या कलमाची वाट पाहिली, त्याचें फळ दिसूं लागलें होतें. तोंच मार्च २०१४ मध्यें अमेरिकेच्या साखरवाल्यांनीं आपल्या सरकारकडे अर्ज केला कीं, मेक्सिकोची साखर अयोग्य स्वस्त व सरकारी मदतीची आहे. डिसेंबर २०१४ मध्यें दोन्ही बाजूंची तडजोड झाली; तिनें मेक्सिकोच्या साखरेस किमान दर व अमेरिकेच्या गरजेप्रमाणें टनांची मर्यादा लागली. शुद्ध साखर किती व कच्ची किती, हेंहि ठरविण्यांत आलें, आणि २०१७ मध्यें शुद्ध साखरेचा वाटा ५३ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणण्यांत आला. म्हणजे शुद्ध करण्याचा नफा अमेरिकेंतील शुद्धीकरण कारखान्यांस मिळावा. मेक्सिकोंत येणाऱ्या मक्याच्या पाकावर मात्र अशी कोणतीहि मर्यादा आली नाहीं.

आम्ही परक्या भांडवलाचे शत्रु नाहीं. मेक्सिकोंत त्याच कराराच्या आश्रयानें मोटारींचे कारखाने वाढले. तेथील ॲव्होकाडो फळ १९९७ पासून हळूहळू अमेरिकेच्या बाजारांत शिरलें आणि त्यावर कित्येक शेतकऱ्यांचीं घरें वर आलीं. लवाद नेहमीं कंपनीचाच पक्ष घेतात असेंहि नाहीं. साखर कारखाने ताब्यांत घेतल्याबद्दल त्यांतील एका अमेरिकन भागीदार कंपनीनें लाविलेला दावा लवादानें २००४ मध्यें फेटाळला. आपल्या नाशिककडील द्राक्ष बागाईतदार परदेशी बाजारपेठ नसती तर आज कोठें असता, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. आमची तक्रार भांडवलाच्या येण्यावर नसून ज्या कागदावर तें येतें त्या कागदाच्या घडणीवर आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. लवादाचें दार दिल्याशिवाय परका सावकार पैसे घालणारच नाहीं, असें म्हणतात. ब्राझील देशाकडे पाहिलें असतां हा आक्षेप टिकत नाहीं. ब्राझीलनें १९९० नंतर असे कांहीं करार सही केले होते, परंतु त्याच्या विधिमंडळानें त्यांपैकीं एकहि मंजूर केला नाहीं. तरीहि परकें भांडवल मिळविणाऱ्या देशांत ब्राझील आजवर वरच्या रांगेंत राहिला आहे. साखरेच्या बाजारांतील त्याचें स्थान तर आमच्या कारखानदारांस चांगलेंच ठाऊक आहे! जेथें जमीन, पाणी, माणसें व बाजार असतो तेथें सावकार येतोच. त्यासाठीं घराची चावी त्याच्या हातीं देण्याचें कारण नसतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानास हा अनुभव २०११ सालीं आला. ऑस्ट्रेलियांतील व्हाइट इंडस्ट्रीज नांवाच्या कंपनीचा कोल इंडियाशीं कोळशाच्या कामावरून वाद होता, आणि आपल्या न्यायालयांत तो वर्षानुवर्षें रेंगाळला. कंपनीनें भारत-ऑस्ट्रेलिया करारावरून लवाद मागितला. त्या करारांत हवें तें कलम नव्हतें. तें होतें भारत-कुवेत करारांत. ‘इतरांस दिलेली सवलत आम्हांसहि’ या अर्थाचें एक कलम ऑस्ट्रेलियाच्या करारांत असल्यामुळें लवादानें कुवेतच्या करारांतलें कलम ऑस्ट्रेलियाच्या कंपनीस लागू केलें व भारत सरकारकडून सुमारें ४१ लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर देवविले. शेजारच्या गटाच्या खरेदीखतांत लिहिलेली गाडीवाट आपल्या गटास लावून घ्यावी, तसाच हा प्रकार. रक्कम थोडी होती, पण सरकार जागें झालें. २०१६ मध्यें नवा नमुना-करार पुढें आला. त्यांत परक्या कंपनीनें प्रथम ५ वर्षें येथील न्यायालयांत दाद मागावी अशी अट घातली, आणि ५० हून अधिक देशांशीं असलेले जुने करार संपविण्याच्या नोटिसा दिल्या गेल्या. हें काम सरकारनें योग्यच केलें. परंतु संयुक्त अरब अमिरातीशीं २०२४ मध्यें झालेल्या करारांत तीच मुदत ३ वर्षांवर आली आहे, हेंहि नजरेआड करूं नये. एका करारांत सैल केलेली गांठ दुसरा देश आपल्या करारांत दाखवून मागतो, हें कुवेतच्या कलमानें एकदां दिसून आलें आहे.

उसापुरतें बोलावयाचें तर आणखी एक जुना कागद आपल्या मानेवर आहे. २०१९ मध्यें ऑस्ट्रेलिया, ब्राझील व ग्वाटेमाला या तीन देशांनीं जागतिक व्यापार संघटनेकडे भारताच्या उसाच्या दराविरुद्ध तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ रोजीं पंचांनीं निकाल दिला कीं, २०१४-१५ ते २०१८-१९ या पांचहि हंगामांत भारतानें उसास दिलेला आधार परवानगीच्या १० टक्के मर्यादेबाहेर होता. वाचक विचारतील, सरकारनें आम्हांस असे कोणते पैसे दिले? भारत सरकारनेंहि हेंच सांगितलें, कीं एफआरपी कारखाना देतो, सरकार देत नाहीं. पंचांनीं तें मानलें नाहीं. दर सरकारनें ठरवून दिला कीं तो आधारच, पैसे कोणाच्याहि खिशांतून जावोत, असा त्यांचा अर्थ. आणि आधार मोजावयाचा कसा? तर सरकारी दर व १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या सरासरीची किंमत यांतील फरकास सर्व उसानें गुणून! त्या सालांत खताचें पोतें, बैलजोडी व गड्याची मजुरी यांचे दर काय होते, तें आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनीं आठवून पहावें. १९९४ मध्यें सही झालेल्या कागदांत हें माप लिहिलें गेलें, आणि महागाईप्रमाणें तें वाढविण्याची कोणतीहि चोख तरतूद झाली नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें भारतानें अपील केलें. तें ज्या अपील मंडळाकडे गेलें तें मंडळ नेमणुकांच्या अभावीं डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेलें होतें. त्यामुळें तूर्त संकट टळलें इतकेंच. परंतु जमीनधारा सुद्धां तीस वर्षांनीं फेरपाहणींत येत असे. हें माप आपण एकदां लिहून दिलें तें दिलेंच.

याच्या जोडीस अलीकडचा एक करार पाहूं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिख्टेनस्टाइन या चार देशांशीं १० मार्च २०२४ रोजीं सही झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलांत आला. दूध व सोयाबीन यांस त्यांत संरक्षण आहे, ही समाधानाची गोष्ट. त्यांतील ठळक बातमी अशी होती कीं, १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरांचें भांडवल येणार. करारनाम्याची भाषा मात्र अशी आहे कीं, ते देश भांडवल वाढविण्याचें ‘उद्दिष्ट ठेवतील’. उद्दिष्ट ठेवणें व रक्कम देणें यांतील अंतर सावकाराशीं व्यवहार केलेल्या प्रत्येक माणसास कळतें. तरीहि एका गोष्टीबद्दल या कराराच्या कर्त्यांस श्रेय दिलें पाहिजे. भांडवल न आल्यास, लांब मुदती व सल्लामसलतीच्या पायऱ्या ओलांडून कां होईना, आपण दिलेल्या सवलती त्या प्रमाणांत मागें घेण्याची वाट त्यांत ठेविली आहे. मेक्सिकोच्या ऊसवाल्यांच्या पदरीं एवढेंहि नव्हतें.

आमची मागणी याच दिशेनें पुढें जाणारी आहे. शेतमालाची जी सवलत परक्या देशानें आपणांस दिली असेल, ती त्यानें कोणत्याहि रूपानें आंखडली कीं आपण दिलेली सवलतहि आपोआप थांबली पाहिजे, पंचायत बसो अथवा न बसो. परक्या कंपनीस स्वतंत्र दार असेल, तर ज्या पिकाचा संबंध येतो त्या पिकाच्या उत्पादकांच्या संस्थेसहि त्याच लवादापुढें उभें राहण्याचा हक्क असावा. तो देतां येत नसेल तर कंपनीचें दारहि नको. सही झाल्यानंतर निघणारीं जोडपत्रें मूळ कराराबरोबर प्रसिद्ध झाल्याखेरीज बंधनकारक समजूं नयेत. आणि कोणतीहि आधारभूत किंमत अमुक सालाची म्हणून कायमची खिळून ठेवूं नये. यांतील शेवटची मागणी आंतरराष्ट्रीय सभांतून भारतानें पूर्वींच लावून धरलेली आहे. तिच्या पाठीशीं शेतकऱ्यांचा आवाज मात्र म्हणावा तसा उभा राहिलेला नाहीं.

तो उभा राहण्यास अडचण काय आहे? आमच्या समजुतीप्रमाणें मुख्य अडचण कागद हातांत न येणें ही आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टांत शेती हा विषय राज्यसूचीच्या १४ व्या नोंदींत आहे. परराष्ट्रांशीं करार करणें हा विषय संघसूचीच्या, योगायोगानें, १४ व्याच नोंदींत आहे. त्यामुळें शेतीचा कारभार मुंबईस आणि शेतीविषयींचे करार दिल्लीस, अशी वांटणी झाली आहे. आणि केंद्रास करार सही करण्यापूर्वीं तो संसदेपुढें ठेवलाच पाहिजे असें घटनेंत बंधन नाहीं. करार इंग्रजींत होतो, सही झाल्यावर प्रसिद्ध होतो आणि शेंकडों पानांचा असतो. गांवच्या सोसायटीच्या चेअरमनानें तो केव्हां वाचावा व काय समजावें? ग्रामपंचायतीचा अंदाजपत्रकी कागद मराठींत लिहिलेला नसेल तर आपण सभा तहकूब करवितों. मग ज्या कागदानें उसाचा, दुधाचा व कापसाचा भाव हलतो, त्याचा शेतीपुरता भाग मराठींत, सहीपूर्वीं तीन महिने, जिल्ह्याच्या कचेरींत पाहावयास ठेवणें अशक्य कां असावें? जमीनमोजणीची नोटीस लागते तशीच ही लागावी.

अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांनीं १ जुलै २०२० पासून नाफ्ताच्या जागीं नवा करार आणला. त्यांत पंचायत अडवून धरण्याची जुनी पळवाट बंद केली आहे, कंपन्यांचें लवादाचें दार बरेंच अरुंद केलें आहे, कराराची मुदत १६ वर्षें घातली आहे आणि सहाव्या वर्षीं तिघांनीं एकत्र बसून त्याची उजळणी करावी असें कलम आहे. मुदतीचा करार कसा असतो, याचा तो एक नमुना म्हणून आमच्या पुढाऱ्यांनीं वाचावा. आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढें या विषयाचा ठराव यावा अशी आमची सूचना असून, ज्या सभासदांचीं मुलें शहरांत कायदा किंवा अर्थशास्त्र शिकत आहेत, त्यांजकडून प्रथम वर सांगितलेल्या चार देशांच्या कराराचा भांडवलाविषयींचा भाग मराठींत उतरवून घ्यावा व गाळप सुरू होण्यापूर्वीं सभेंत तो कलमवार वाचावा.